चूक परत न्यायला आलोय

पालघर तालुक्यात समुद्राकडची आणि डोंगराकडची मिळून जेवढी म्हणून दारं असतील, त्यांतल्या निदान निम्म्या दारांत उभं राहून ‘मी चुकलो’ असं म्हणून आलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच. तो निवडणुकीला उभा नव्हता, रुसलेल्या बायकोला न्यायला आलेला जावई तर नव्हताच नव्हता. सगळा जन्म ब्रह्मचारी राहिलेला प्राथमिक शिक्षक होता. बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची सातवीपर्यंतची शाळा होती. तिथे ते माझे वरिष्ठ, आणि शाळेमागच्या कौलारू चाळीत भिंतीला भिंत लागून शेजारी. शाळेत सगळे त्यांना गुरुजी म्हणत, गावातली माणसं मोठे मास्तर म्हणत, आणि मी, नुकतंच ट्रेनिंग संपवून घाटावरून आलेला, दोन नवे शर्ट आणि खंडीभर आत्मविश्वास बरोबर आणलेला नवा मास्तर, पाठीमागे त्यांना ‘माफीची फेरी’ म्हणत असे.

त्यांची तऱ्हा अशी, की वर्गात काही चुकीचं सांगितलं गेलं आणि ते मागाहून लक्षात आलं, तर त्यांना दुसरा दिवस उजाडेपर्यंत धीर निघत नसे. छत्री घ्यायची, धोतर जरा वर खोचायचं आणि त्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी जाऊन ती चूक परत घेऊन यायची. एकदा सहावीला इतिहास शिकवताना त्यांनी पानिपतची लढाई दहा वर्षं पुढे ढकलली. संध्याकाळी अंगावर पहिला तांब्या घेताना त्यांना ते आठवलं. अंग पुसलं न पुसलं, सदरा चढवला आणि निघाले. मीही गंमत बघायला मागोमाग गेलो. किनाऱ्यावरच्या घिवलीत एका अंगणात एक म्हातारा फाटकं जाळं सांधत बसला होता. गुरुजींनी चपला काढल्या, हात जोडले.

‘तुमच्या नातवाला आज पानिपतच्या लढाईचं साल मी चुकीचं सांगितलं. ती चूक परत न्यायला आलोय.’

म्हाताऱ्याने हात थांबवला. ‘मंग आता कवा झाली लढाई?’

‘दहा वर्षं आधी.’

‘आनि आपून जिकलो का?’

‘नाही. हरलोच.’

‘मंग कवा का होईना, मास्तर! बसा, च्या घ्या.’

चहा गुरुजींनी घेतला नाही. चूक कबूल करायला आलेल्या माणसाने पाहुणचार घ्यायचा नसतो, असा त्यांचा दंडक. पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. परतताना मी हसू दाबत म्हणालो, ‘गुरुजी, उद्या वर्गात सांगितलं असतंत तर चाललं नसतं का?’ ते चालता चालता थांबले. ‘अहो मास्तर, गवळ्याने दुधात पाणी घातलं तर बाई दारात उभी राहून भांडते. तिला चव कळते. मी पाणी घातलं तर कोण भांडणार? त्या घरात कुणाला चवच कळत नाही हो. पोरगं जाऊन सांगतं, मास्तर म्हणाले, आणि मास्तर म्हणाले म्हणजे झालं. तेव्हा पाणी घातल्याचं मीच येऊन सांगायला हवं.’ एवढं बोलून ते पुन्हा चालू लागले, आणि मी मागून त्यांची नक्कल कशी करायची त्याचा मनात सराव करू लागलो. चाळीतल्या पोरांपुढे आणि चहाच्या टपरीवर माझी ती नक्कल फार गाजली.

या फेऱ्यांना अंतराचा मुलाहिजा नव्हता. डोंगराकडच्या पाड्यांवरची घरं भाताची कापणी झाली की कुलूप लावून वीटभट्टीवर कामाला जात. कुलूप म्हणजे तरी काय, दाराला आडवी काठी. असंच एक कुटुंब निघून गेलं आणि गुरुजींना आठवलं, की त्या घरातल्या पोरीच्या वर्गात आपण फळ्यावर एक भागाकार चुकीचा सोडवला होता; बाकी भाजकापेक्षा मोठी उरली होती. रविवारी एसटी धरून ते भट्टी शोधत गेले. पांढरं धोतर आणि छत्री पाहून भट्टीच्या मालकाला वाटलं, सरकारी माणूस आला. त्याने खुर्ची टाकली, पानसुपारी मागवली, मजूर कसे आपल्या घरच्यासारखे राहतात ते सांगू लागला. गुरुजी म्हणाले, ‘मला फक्त बाकी सांगायचीये.’ मालकाचा चेहरा पडला. शेवटी चिखलाने माखलेल्या हातांनी पोरगी पुढे आली, गुरुजींनी जमिनीवर काडीने भागाकार मांडला, आणि ती म्हणाली, ‘मी तवाच मनात बराबर केला होता, गुरुजी. तुमी रागवाल म्हनून नाय बोलली.’ परत आल्यावर गुरुजी दोन दिवस अस्वस्थ होते. भागाकाराचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं; आपल्याला बघून पोरगी गप्प बसली, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्या दिवसापासून तास संपला की ते वर्गाला विचारत, ‘आज मी कुठे चुकलो?’ पोरांना खेळच मिळाला. न चुकलेल्या चुकाही ती दाखवू लागली, आणि गुरुजी त्याही गंभीरपणे तपासून बघत.

शिक्षा देण्याची पद्धतही अशीच जगावेगळी. एखादी गोष्ट दोनदा सांगून वर्गाला कळली नाही, की गुरुजी स्वतः वर्गाबाहेर जाऊन उभे राहायचे. आत पोरं, बाहेर मास्तर. पाच-सात मिनिटं उन्हात उभं राहून नवा उपाय सुचला, की आत येऊन तिसऱ्यांदा शिकवायचे. एकदा नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले. व्हरांड्यात म्हातारा शिक्षक हाताची घडी घालून उभा.

‘काय हो, तुम्हाला कोणी उभं केलं?’

‘व्यवहारी अपूर्णांकांनी,’ गुरुजी म्हणाले.

साहेबांना हसावं की शेरा मारावा ते कळेना. त्यांनी शेराच मारला. मुख्याध्यापकांनी गुरुजींना बोलावून समज दिली, की निदान तपासणीच्या दिवशी तरी पोरांना सगळं पहिल्या खेपेला समजेल असं बघा.

परीक्षेत तर कहर. स्वतः काढलेला पेपर स्वतः सोडवल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि तोही घरी नाही, पोरांच्यात बसून, दौत-टाक घेऊन, वेळ लावून. ‘जो पेपर मला वेळेत सुटत नाही तो त्यांना कसा सुटावा?’ मग ती उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे द्यायचे. पहिल्या वर्षी मी भिडेखातर पैकीच्या पैकी गुण दिले. संध्याकाळी गुरुजी माझ्या दारात. इतकं संतापलेलं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. ‘तिसऱ्या गणितात मी लिटर लिहायला विसरलोय. तुम्ही गुण कापले नाहीत. म्हणजे तुम्ही वाचलंच नाही. पोरांचेही असेच तपासलेत का?’ तसेच तपासले होते. त्यांनी मला बसवून सगळा गठ्ठा पुन्हा तपासायला लावला, आणि स्वतः शेजारी बसून माझ्यासाठी पेज शिजवली.

आणि मासे! गुरुजी मूळचे एडवणचे, माशावर जीव टाकणारे. पण पोरांच्या घरून काही घ्यायचं नाही हा नेम, आणि किनाऱ्यावर राहून मासळी विकणारं असं एकही घर नाही, ज्यातलं पोर शाळेत नाही. पैसे देऊन घ्यायला गेले तरी कोळणी वाटा दुप्पट घालायच्या. तो जास्तीचा वाटा परत करताना अर्धा तास जायचा आणि मासे मऊ पडायचे. म्हणून हा माणूस, समोर समुद्र गाजत असताना, मासे आणायला पालघरच्या बाजारात जाई. तिथे त्यांनी एक म्हातारी हेरून ठेवली होती. तिचा आमच्या शाळेशी काही संबंध नाही याची खात्री करून घेतली होती. दोन वर्षं सुखाची गेली. मग तिची लेक नवऱ्याच्या कामासाठी आमच्या गावात राहायला आली आणि नातू पहिलीत दाखल झाला. त्याचं नाव हजेरीपटावर चढवताना गुरुजींचा चेहरा पाहवत नव्हता. ‘पोरगं गोड आहे,’ ते मला म्हणाले, ‘पण आता पापलेट संपलं.’

इथवर मी रंगवून लिहिलं. कोणी विचारलं तर गुरुजींच्या या गोष्टी मी नेहमीच अशा रंगवून सांगतो, लोक हसतात, आणि मी इथेच थांबतो. आज थांबणार नाही.

त्या वर्षांत समुद्राच्या बाजूला विजेच्या केंद्राचं बांधकाम जोरात होतं. रस्त्यावरून जीपगाड्या आणि खडीचे ट्रक धावत. बोईसरच्या टपऱ्यांवर हिंदी ऐकू येऊ लागली होती. ‘मास्टरजी, बैठो’ म्हणून परमुलखातले फिटर मला बाकड्यावर जागा देत, आणि त्यांच्यात बसून आलेल्या दिवशी मला आपणही काहीतरी मोठ्या कामाचा भाग आहोत असं वाटे. अशाच एका दिवशी मी सातवीचा वर्ग घेत होतो. घिवलीच्या धर्माचा मुलगा उठला. धर्मा हा त्या बाजूचा नावाजलेला नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक, बोलायला कमी आणि पोराच्या शिक्षणावर डोळा ठेवून असलेला. पोराने विचारलं, ‘मास्तर, तिकडं आमाला काम मिळल?’

माहीत नाही, एवढंच उत्तर होतं. पण सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माहीत नाही हे शब्द तेव्हा माझ्या तोंडात बसत नसत. मी म्हणालो, ‘मिळेल म्हणजे? अरे, नियमच आहे. इथल्या गावचा जो सातवी पास होईल त्याला कायमची नोकरी. होड्या हाकायचे दिवस गेले आता.’ पोरांनी बाकं वाजवली. मला फार बरं वाटलं.

आठवडाभरात कुणाच्या तरी तोंडून ते गुरुजींच्या कानी आलं. ते दारात येऊन उभे राहिले.

‘मास्तर, तो नियम कुठे वाचलात?’

‘वाचला नाही... ऐकला.’

‘कुणाकडून?’

‘टपरीवर बोलत होते.’

‘मग टपरीवर ऐकलं असं सांगायचं होतं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. ‘मी केंद्राच्या कचेरीत जाऊन विचारून आलो. असा काही नियम नाही. ज्याला जे काम येतं त्याप्रमाणे अर्ज करायचा, घेतला तर घेतला. परत घ्यायला हवं हो.’

‘उद्या वर्गात सांगतो.’

‘वर्गात नाही. ते आता घरी गेलंय.’

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तास संपता संपता, पुस्तकं आवरण्याच्या गडबडीत, ‘आणि नियम काय, बदलतही असतात’ असं पुटपुटलो. पोरांना कळू नये अशाच बेताने बोललो होतो, आणि त्यांना कळलंही नाही. माझ्यापुरता विषय मिटला.

मग बातमी आली, की धर्मा होडी विकतोय. पोरगा सातवी झाला की कायमचा कामाला लागणार, तोवर आपण खडी वाहायला जाऊ, होडी कुणासाठी ठेवायची? सातपाटीहून गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं. गुरुजी शनिवारी मला म्हणाले, ‘उद्या आपण दोघं जाऊ. तुम्ही बोला, मी नुसता उभा राहतो.’ मी म्हणालो, उद्या मला पालघरला शिंप्याकडे जायचंय. खरंच जायचं होतं. पँटचं माप द्यायचं होतं.

मी माप देऊन आलो तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. एकटेच जाऊन आले होते. त्यांनी धर्माला सांगितलं होतं, की नव्या मास्तरांची ऐकण्यात चूक झाली, असा नियम नाही, होडी विकू नकोस. आणि धर्माने काय उत्तर दिलं ते त्यांनी मला धर्माच्याच बोलीत, जरा कौतुकानेच सांगितलं: ‘मोठं मास्तर, राग मानू नका. तुमी दर आठवड्याला कुनाच्या ना कुनाच्या दारात चुकलो चुकलो करीत येता. आज लढाई, उद्या भागाकार. ते नवं मास्तर येऊन दीड वरीस झाला, एकदा पन चुकलं नाय. मंग मी कुनाचा ऐकू?’

गुरुजी हसले. ‘त्याचं बरोबरच आहे हो. ज्याचं नाणं रोज खोटं निघतं, त्याचं कोण घेणार? तुमचंच ऐकेल तो. जा, अजून वेळ आहे.’

मी निघालो. खरंच निघालो. घिवलीच्या वेशीपर्यंत गेलो. पुढे वाळूत पोरं खेळत होती, बायका माशांच्या पाट्या उतरवत होत्या आणि कशावरून तरी खदखदून हसत होत्या. धर्माची होडी आणि तिच्याजवळ पाठमोरा धर्मा मला दिसत होता. मला वाटलं, मी बोलेन आणि त्या अशाच हसतील. टपरीवर मी गुरुजींची नक्कल करायचो. इथे आजपासून माझी होईल. मी तिथून परत फिरलो.

गुरुजी ओट्यावर वाट बघत होते. ‘भेटला?’

‘भेटला,’ मी म्हणालो. ‘सांगितलं त्याला सगळं. पण त्याचं ठरलंय. विकणारच म्हणतो.’

ते उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘शाब्बास. पहिल्या वेळी फार जड जातं.’

त्या हाताचं वजन अजून उतरलेलं नाही.

होडी गेली. धर्मा खडी वाहू लागला. पोरगा सातवी झाला आणि कुठे काही घडलं नाही. कुणी त्याला बोलवायला आलं नाही, कारण बोलवायचं कुणी ठरवलंच नव्हतं. तो आमच्याच ओळखीने तालुक्याला हायस्कुलात गेला. बांधकाम सरत आलं तेव्हा धर्मा पुन्हा समुद्रावर गेला, पण दुसऱ्यांच्या होडीवर, खलाशी म्हणून. वाटेत भेटला की मला हात करायचा. वर्षातून एकदा त्याच्याकडून सुक्या बोंबलांची जुडी यायची, आणि मला गुरुजींसारखा नेम नसल्याने मी ती घ्यायचो. घशाखाली उतरत नसे तरी घ्यायचो.

गुरुजींच्या वागण्यात एकच फरक पडला. फेरीला निघाले की ते माझ्या दारावर टकटक करायचे. ‘चला जरा. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं.’ मला वाटे, वय झालं, वाटेत सोबत हवी असते. मी जायचो. दारामागून दार, ते चपला काढायचे, हात जोडायचे, आणि मी मागे उभा राहून बघायचो. लोक हसायचे, पण वाईट हसायचे नाहीत, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. एकदोनदा गुरुजी बोलता बोलता मध्येच थांबून माझ्याकडे वळून बघत, जसं काही पुढचं वाक्य माझं आहे. मी नजर चुकवायचो. ते पुढचं वाक्यही स्वतःच बोलायचे. पुढे माझी बदली झाली, ते निवृत्त होऊन एडवणला गेले, आणि काही वर्षांनी वारले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

मागच्या वर्षी कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो. आता मी स्वतः मुख्याध्यापक, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. धीर करून घिवलीला उतरलो. धर्मा ओसरीत बसला होता, डोळ्यांनी थकलेला, पण आवाजावरून त्याने मला ओळखलं. जानकीने, त्याच्या बायकोने, चहा टाकला. पोरगा बोईसरला कारखान्यात असतो, बरं चाललंय, असं दोघांनी आळीपाळीने सांगितलं. मग धर्मा गुरुजींविषयी बोलू लागला.

‘मोठं मास्तर गेलं. मानूस भला, पन आमची होडी त्याच्यापायी गेली बगा.’

‘त्यांच्यापायी?’ मी चहाची बशी हातात धरूनच विचारलं.

‘मंग? होडी गेली, आनि दोन मैन्यांनी मला कचेरीत समजला की नियम-बियम काय नाय. माजा डोका फिरला. मी पोराला शाळेतून काढाया आलतो. तुमाला चार शिव्या देऊन काढनार होतो, खरा सांगतो. वाटेत मोठं मास्तर भेटलं. मी बोललो, नव्या मास्तरनी आमाला बुडवला, आनि सांगाया पन कवा आला नाय. तवा त्यानी हात जोडला. बोलला, धर्मा, त्या मास्तरचा काय दोष नाय. तो परमुलखाचा, त्याला काय ठाव? मीच त्याला तसा सांगितला होता; मागून माजी चूक मला कळली, तवाच तुला सांगाया आलतो. चूक माजी हाय. पोराला शाळेतून काढू नको.’

‘आणि तुला पटलं?’

‘का नाय पटनार?’ धर्मा म्हणाला. ‘तो तर नेमीच चुकायचा.’

जानकी आत काहीतरी तळत होती. म्हणजे गुरुजींना कळलं होतं. मी धर्माला भेटलोच नव्हतो हेही, मी त्यांच्याशी खोटं बोललो हेही. पोराची शाळा सुटू नये, नव्या मास्तरावरचा विश्वास उडू नये, म्हणून पानिपतच्या सालासाठी मैलभर चालणारा तो माणूस धडधडीत खोटं बोलला होता, ते कधी परत घ्यायला गेला नव्हता, आणि मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. नुसता माझ्या दारावर टकटक करत राहिला होता.

मी बशी खाली ठेवली. उठून उभा राहिलो. का कोण जाणे, बसून बोलवेना. म्हणालो, ‘धर्मा, गुरुजींनी मला काही सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने बोललो होतो. गुरुजी तुला आधी सांगून गेले ते खरं होतं. मलाही त्यांनी तुझ्याकडे पाठवलं होतं. मी वेशीपर्यंत येऊन परत गेलो. चूक माझी आहे.’

धर्मा माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिला. मग त्याने मान हलवली आणि हळूहळू हसला.

‘ऱ्हाऊ द्या, मास्तर. गेलेल्या मानसाची चूक अंगावर घेताय. तुमी भले हाव. पन मी काय तुमाला आज वळखतो? तुमी चुकनारे मानूस नाय.’

‘अरे, खरंच सांगतोय—’

‘बगा, बगा,’ जानकी आतून झारा घेऊनच बाहेर आली. ‘हे पन मोठ्या मास्तरावानीच बोलाया लागले! शिकवन त्यांचीच ना शेवटी. बसा आता, मासे खाऊन जा.’

मी पुन्हा सांगितलं. दोघं पुन्हा हसली, मायेने हसली. माझं म्हणणं कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. म्हणून ते इथे लिहून ठेवतोय. वाचणाऱ्याने तरी ते गुरुजींच्या नावावरून काढून माझ्या नावावर घालावं.

निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. धर्मा काठी टेकत रस्त्यापर्यंत सोडायला आला. खाली ओल्या रेतीत कुणाकुणाच्या होड्या कलून पडल्या होत्या. त्याला त्या नीट दिसत नसाव्यात, तरी त्याने त्यांतल्या एकीकडे काठी केली.

‘माजी अशीच होती,’ तो म्हणाला. ‘हिच्याहून जरा लांब.’